वाचकांचे प्रश्न : ओळखीची चाल आणि उचललेली चाल

प्रश्न : एका छोट्या स्वतंत्र स्टुडिओने केलेला, जुन्या धाटणीचा व्हिडिओ गेम मी नुकताच खेळलो. पहिल्याच टप्प्याचे पार्श्वसंगीत ऐकताना ऐंशीच्या दशकातल्या एका गाजलेल्या गेमची आठवण झाली. माझा मित्र म्हणतो की ही सरळसरळ चोरी आहे. मला मात्र ती जुन्या संगीतकाराला दिलेली मानवंदना वाटते. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : दोन्ही संगीतांत नेमके काय सारखे वाटले, हे आपल्या पत्रात कुठेही आलेले नाही, आणि वादाचे उत्तर तर त्यावरच अवलंबून आहे. ‘ऐकताच आठवण झाली’ हा अनुभव खरा असला तरी ती आठवण चालीमुळे झाली, ठेक्यामुळे झाली की केवळ आवाजाच्या जातीमुळे झाली, हे वेगळे काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझा पहिला संशय आवाजाच्या जातीवर आहे. निन्टेन्डो कंपनीच्या एनईएस या ऐंशीच्या दशकातल्या गेम-यंत्रातल्या ध्वनिचिपला एकूण पाच वाहिन्या होत्या : दोन पल्स लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक अगदी छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारी. पल्स लहरीला चारच आकार देता येत, आणि त्यांतले दोन कानाला सारखेच ऐकू येत. कॉमोडोर 64 या त्याच काळातल्या घरगुती संगणकातल्या सिड या ध्वनिचिपला तर एका वेळी तीनच आवाज काढता येत. तीन आवाजांत चाल, खर्जाची ओळ आणि तालाचा ठोका बसवल्यावर कॉर्डसाठी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छासाठी, जागा उरत नसे, म्हणून संगीतकार कॉर्डमधले स्वर एकाच आवाजात एकामागून एक इतक्या वेगाने वाजवत की कानाला ते एकत्र वाजल्याचा भास व्हावा. ती थरथरती, खळाळती सुरावट आज ‘जुन्या गेमचा आवाज’ म्हणून ओळखली जाते, पण ती कोणा एकाची रचना नव्हे. यंत्राच्या मर्यादेवर त्या काळच्या अनेकांनी काढलेला तो तोडगा होता, आणि तो वापरणारा आजचा संगीतकार कोणाचे काही उचलत नाही.

आपल्या परिचयातले उदाहरण द्यायचे तर भूप राग कोणाच्याही मालकीचा नाही, परंतु भूपातली विशिष्ट बंदिश कोणीतरी बांधलेली असते. वाद्यांचा पोत, लय, संगीताचा प्रकार, सर्रास वापरल्या जाणाऱ्या कॉर्डच्या मालिका या गोष्टी रागाच्या बाजूला येतात. एड शीरनच्या एका गाण्याविरुद्धच्या दाव्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने 2024 मध्ये हेच मान्य केले : सर्वत्र आढळणारी कॉर्डची मालिका आणि ती बदलण्याची लय एवढ्यावर कोणालाही मक्तेदारी सांगता येणार नाही.

मग बंदिश कुठे सुरू होते? याचे उत्तर कधी कधी अक्षरशः स्वर मोजून द्यावे लागते. केटी पेरीच्या ‘डार्क हॉर्स’ या गाण्यात आठ स्वरांची एक ओळ पुन्हा पुन्हा वाजते. ती आपल्या गाण्यातून घेतल्याचा दावा एका रॅप गायकाने केला होता. दोन्ही ओळी षड्जापासून मोजल्या तर आधी कोमल गंधार चार वेळा येतो, मग रिषभ दोनदा, आणि त्यानंतर दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. ज्यूरीने 2019 मध्ये दावा मान्य करून 27 लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. पुढच्याच वर्षी न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला आणि 2022 मध्ये अपील न्यायालयाने रद्द करण्यावर शिक्कामोर्तब केले, कारण एकाच लांबीचे स्वर सरळ उतरत्या क्रमाने मांडणे ही संगीताची कच्ची सामग्री आहे, ती कोणाची निर्मिती ठरत नाही. ऐकताना दोन्ही गाणी जवळची वाटतात, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण वाटणे आणि सिद्ध होणे यांत किती अंतर आहे, हे त्या आठ स्वरांवरून ध्यानात येईल.

आता आपल्या वादाच्या मांडणीबद्दल. ‘चोरी की मानवंदना’ असा प्रश्न विचारताना या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे आपण गृहीत धरता, आणि माझे खरे मतभेद तिथे आहेत. दुसऱ्याचे काम आपले म्हणून खपवणे हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. परवानगीवाचून वापरणे हा हक्काचा प्रश्न आहे. दोन्ही एकाच वेळी उद्भवतातच असे नाही. 1989 च्या गेमबॉय या हातात धरायच्या गेम-यंत्रावरील ‘टेट्रिस’मध्ये वाजणारी सर्वांत प्रसिद्ध चाल ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीताची आहे. ती कोणीही घ्यावी, त्याला अडवणारे कोणी नाही. पण ‘ही चाल मला सुचली’ असे जो म्हणेल, त्याने कायदा न मोडताही खोटेपणा केलेला असेल. उलट एखाद्याने श्रेयनामावलीत मूळ संगीतकाराचे नाव ठळकपणे लिहिले आणि त्याची संरक्षित चाल न विचारता जशीच्या तशी वाजवली, तर त्याच्या मनातला आदर कितीही खरा असला तरी हक्काचा भंग व्हायचा तो होतोच. मानवंदना हा हेतू आहे, आणि केवळ हेतू सांगून हक्काचा प्रश्न मिटत नाही.

हेतू नेक असतानाही संगीतकाराला मागे फिरावे लागते, याचे माझे आवडते उदाहरण ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या 1986 च्या गेमचे आहे. त्याचे संगीतकार कोजी कोन्दो यांना सुरुवातीच्या पडद्यासाठी फ्रेंच संगीतकार रावेल यांचे ‘बोलेरो’ वापरायचे होते. त्या रचनेवरचा हक्क अजून संपलेला नाही, हे गेम पुरा होत आला असताना लक्षात आले आणि त्यांनी तो विचार सोडला. गेममध्ये फिरताना वाजणारी स्वतःचीच चाल त्यांनी थोड्या अवधीत नव्याने बांधून तिथे बसवली. आज ती चाल ओळखत नाही असा गेमप्रेमी विरळा. (कोन्दो यांना आणखी थोडी वाट पाहता आली असती, तर आपण एका उत्तम चालीच्या त्या रूपाला मुकलो असतो.)

घेण्याची रीत कशी असावी हे पाहायचे असेल तर ‘फायनल फँटसी 7’ (1997) मधली ‘वन-विंग्ड एंजल’ ही रचना ऐकावी. तिचे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी तिच्यामागे रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की आणि रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स यांची प्रेरणा असल्याचे मोकळेपणाने सांगितले आहे. तिच्यातले लॅटिन शब्द ‘कार्मिना बुराना’ या मध्ययुगीन काव्यसंग्रहातून आले आहेत. ते शब्द शतकानुशतके जुने असल्यामुळे मुक्त आहेत. त्याच शब्दांना जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी विसाव्या शतकात दिलेले संगीत मात्र मुक्त नाही, आणि उएमात्सु यांनी शब्द घेऊन संगीत आपले रचले. स्ट्राविन्स्कीची आठवण करून देणारे ते तुटक, आघाती तुकडे तिथे आहेत, पण उचललेली चाल म्हणून बोट ठेवावे असे काही मला सापडत नाही.

तेव्हा मित्राशी पुन्हा बोलण्यापूर्वी दोन्ही चाली पेटीवर किंवा साध्या कीबोर्डवर, एकाच पट्टीत आणि एकाच लयीत वाजवून पाहाव्यात. चिपचा आवाज निघून गेल्यावर साम्यही निघून गेले, तर आपण शैली ऐकत होता. स्वरांचा क्रम आणि त्यांची लांबी ओळीमागून ओळ जुळत राहिली, तर मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे.

प्रश्न : मी विद्यार्थी असून मित्रांसह एक गेम तयार करत आहे. संगीतकाराला मी एका प्रसिद्ध गेमचा ट्रॅक नमुना म्हणून दिला आहे आणि ‘असेच, पण हेच नको’ असे सांगितले आहे. काही सेकंदांपर्यंत साम्य चालते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर : नाही. इतके सेकंद किंवा इतक्या मात्रा मोफत, असा सरसकट नियम कुठेही नाही, आणि तरीही ही समजूत पिढ्यानपिढ्या टिकून आहे. क्राफ्टवेर्क या जर्मन संगीतचमूच्या 1977 च्या ध्वनिमुद्रिकेतला सुमारे दोन सेकंदांचा तालाचा तुकडा दुसऱ्या एका गाण्यात वापरला गेला, त्यावरून जर्मनीत अनेक वर्षे खटला चालला. युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले की मूळ ध्वनिमुद्रणातला अगदी छोटा तुकडाही निर्मात्याच्या परवानगीवाचून घेता येत नाही. अपवाद इतकाच, की तो कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला असावा. हा निर्णय ध्वनिमुद्रणाबद्दल आहे, आणि चाल व तिचे ध्वनिमुद्रण यांवरचे हक्क निराळे असतात, हे आपण विशेष लक्षात ठेवावे. शे-दोनशे वर्षांपूर्वीची सिंफनी मुक्त असते, परंतु तिचे गेल्या दशकातले ध्वनिमुद्रण बहुधा मुक्त नसते.

नमुना देण्याच्या पद्धतीबद्दल मात्र मला अधिक काळजी वाटते. माझ्या मते गेम आणि चित्रपट यांच्या संगीतातली बरीचशी ‘योगायोगाची’ साम्ये याच पद्धतीतून जन्माला येतात. आठवड्यामागून आठवडे तोच ट्रॅक गेमला जोडून ऐकला की प्रसंग आणि तो ट्रॅक यांची गाठ सगळ्यांच्याच डोक्यात घट्ट बसते. मग संगीतकाराने आणलेली प्रत्येक नवी चाल ‘काहीतरी कमी आहे’ म्हणून परत जाते आणि शेवटी तो बिचारा एक-दोन स्वर इकडेतिकडे करून नमुनाच परत देतो. साम्याची जबाबदारी अशा वेळी एकट्या संगीतकाराची नसते. आपण नमुना काढून टाकावा आणि त्याऐवजी या टप्प्यात खेळाडूला काय वाटायला हवे, वेग किती असावा, हा तुकडा किती वेळ फिरत राहणार आहे आणि शत्रू समोर आल्यावर त्यात काय बदलायचे आहे, हे शब्दांत लिहून द्यावे. नमुना द्यायचाच असेल तर परस्परांशी न जुळणारे चार-पाच द्यावेत, म्हणजे एकाचीच नक्कल करण्याचा मोह आवरता येतो.

प्रश्न : संगीतकाराला खरोखरच ठाऊक नसताना जुनी चाल त्याच्या हातून उमटली, तर तो दोषी कसा?

उत्तर : नैतिक दोष मी देणार नाही. कायदा तितका उदार नाही. जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्याबाबत 1976 मध्ये न्यायालयाने हेच म्हटले होते की त्यांनी जाणूनबुजून काही घेतले नाही, परंतु आधी ऐकलेले ‘ही’ज सो फाइन’ हे गाणे त्यांच्या नकळत मनातून उतरले, आणि हक्कभंग ठरण्यास एवढे पुरेसे आहे. गेमचे संगीत या बाबतीत विशेष धोक्याचे आहे. जुन्या गेममध्ये जागा फार थोडी असे. 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण गेम अवघ्या 40 किलोबाइटांत बसवलेला होता. त्यामुळे छोटे तुकडे फिरवून फिरवून वाजवावे लागत, आणि टप्पा पार होईपर्यंत मुले ते शेकडो वेळा ऐकत. त्या मुलांतले काही जण आज संगीतकार आहेत.

प्रश्न : संगीतकाराने स्वतःच्याच जुन्या गेमसारखे संगीत दुसऱ्या कंपनीसाठी केले तर?

उत्तर : शैली त्याच्याबरोबर जाते, चाल बहुधा जुन्या कंपनीकडे राहते; करारात काय लिहिले आहे ते पाहावे लागते. ग्रँट कर्कहोप यांनी 1998 मध्ये ‘बँजो-काझूई’चे संगीत केले आणि 2017 च्या ‘युका-लेली’च्या संगीतकारांतही ते होते. दुसरा गेम पहिल्याच चमूतल्या अनेकांनी वेगळी कंपनी काढून केलेला होता, आणि संगीत ऐकताच जुना हात ओळखू येतो. चाली नव्या आहेत. याला कोणी नक्कल म्हणत असेल, तर प्रत्येक लेखकाला दर पुस्तकागणिक नवे हस्ताक्षर काढावे लागेल.

प्रश्न : नेहमी गेमच्या संगीतकारांवरच आरोप होतात. गेमचे संगीत कोणी उचलले तर त्याची दखल घेतली जाते का?

उत्तर : घेतली जाते, पण उशिरा आणि अपुरी. 1999 च्या ‘कर्नक्राफ्ट 400’ या नृत्यगीतातली, पुढे क्रीडांगणांवर प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेली धून डेव्हिड व्हिटकर यांनी कॉमोडोर 64 वरील ‘लेझी जोन्स’ या 1984 च्या गेमसाठी रचली होती. ती सुरुवातीला विचारून घेतलेली नव्हती. मोबदल्याचा प्रश्न नंतर आपसांत मिटवण्यात आला. दुसरे प्रकरण अधिक खटकणारे आहे. एका फिनिश संगीतकाराने संगणकावर केलेली रचना नेली फुर्टाडोच्या ‘डू इट’ या गाण्यात वापरल्याचा दावा अमेरिकेत दाखल झाला आणि 2012 मध्ये अपील न्यायालयात तो कायमचा फेटाळला गेला, परंतु त्याचे कारण असे की मूळ रचनेची अमेरिकेत आवश्यक ती नोंदणी झालेली नव्हती. दोन्ही रचना सारख्या आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या निकालाने सोडवलाच नाही. त्यामुळे ‘न्यायालयाने निर्दोष ठरवले’ असे कोणी सांगू लागले, तर निकाल कोणत्या मुद्द्यावर लागला, हे आधी विचारावे.