लॅबला रविवारी मोकळं सोडायचंय? पहिल्या खेपेला त्याला घरीच ठेवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. १० महिन्यांचा लॅब, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्रा, ब्रूनो, ६ आणि ११ वर्षांची दोन मुलं, गुडघे दुखणारे सासरे, घर कांदिवलीला, आणि एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून अशा जागी जायचंय जिथे ब्रूनोचा पट्टा काढून त्याला पळू देता येईल. पर्याय तुम्ही तीन दिलेत, मढच्या बाजूचं पैसे भरून जायचं डॉग पार्क, आक्सा बीच, नाहीतर आरेतली एखादी मोकळी जागा. मी गोरेगावची, १४ वर्षं झाली घरात कुत्रा आहे, आधी बंड्या नावाचा बीगल होता, आता झिपरी म्हणून इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, आहे, आणि खोटं कशाला सांगू, या तिन्ही प्रकारांत माझी फजिती होऊन झालेली आहे.

आरे आधी यादीतून काढा. तिथे बिबटे आहेत, हे आपण सगळे जाणतो आणि तरी सगळे म्हणतो की आम्ही तर सकाळी जातो, आम्हाला कधी दिसला नाही. तुम्हाला दिसला नाही म्हणजे त्याला तुम्ही दिसला नाहीत असं नाही ना. नॅशनल पार्कच्या कडेकडेने राहणाऱ्या बिबट्यांच्या पोटात कुत्रा बऱ्यापैकी जातो, आणि पट्टा नसलेला, झुडपात तोंड खुपसून हुंगत बसलेला लॅब म्हणजे आयतं ताट. खुद्द नॅशनल पार्कात तर पाळीव कुत्रा नेताच येत नाही, म्हणजे बोरिवलीला गेटपर्यंत जाऊन परत यायची वेळ येऊ देऊ नका. शिवाय आरेत तबेले आहेत, म्हशी रस्त्याने चाललेल्या असतात, आणि म्हशीच्या मागे लागलेला लॅब परत बोलवायचा म्हणजे काय असतं ते एकदा अनुभवलं की पुरे. म्हैस वळली की मग कळतं.

आक्साचं पाणी ओढतं, लोक बुडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. लॅबला पाणी दिसलं की तो थांबत नाही, आणि तो गेला की त्याच्यामागे तुमचा ११ वर्षांचा जाणार, मुलं अशा वेळी विचार करत नाहीत. जुहू-वर्सोव्याला सकाळी ओहोटीच्या वेळी मी झिपरीला नेते पण लांब दोरीवर, मोकळं नाही. वाळूत काचा असतात, वर्सोव्याकडे जाळ्यांचे तुकडे आणि गळ, आणि मुख्य म्हणजे तिथली जी कुत्री आहेत त्यांची हद्द ठरलेली असते, आपला दांडगोबा धावत त्यांच्यात घुसला की ते एकटे येत नाहीत, सहा-सात मिळून येतात. पावसाळ्यात तर नकोच. वाळूवर डांबराचे गोळे येतात ते पंजाला चिकटले की निघत नाहीत आणि कुत्रा ते चाटून काढायला बघतो, वर ते जेलीफिशसारखे निळे ब्लू बॉटल वाहून येतात, २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाट्यांवर शंभरावर लोकांना डंख केला होता. किनाऱ्यावर मेल्यासारखे पडलेले असले तरी डसतात, आणि कुत्रा आधी नाकच लावतो.

मग राहिलं डॉग पार्क. ही कल्पना मूळची अमेरिकेतली, कॅलिफोर्नियात बर्कलीला १९७९ मध्ये लोकांनी एका मोकळ्या पट्ट्यात कुत्री सोडायला सुरुवात केली तिथून हे पसरलं असं म्हणतात, आपल्याकडे हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला सव्वा एकरभर जागेत खास कुत्र्यांसाठी पार्क केलं. आपल्याला मुंबईत सव्वा एकर कोण देतंय! वांद्र्याला कार्टर रोडवर कुत्र्यांचा वेगळा कप्पा आहे पण कांदिवलीहून रविवारी संध्याकाळी तिथे जाऊन गाडी लावायची म्हणजे ब्रूनोच्या आधी तुमच्या मिस्टरांनाच मोकळं सोडावं लागेल. म्हणून उपनगरातले लोक पैसे भरून जायच्या खासगी जागांकडे वळतात, त्यात वाईट काही नाही. फक्त फोटो बघून ठरवू नका. फोटोत हिरवळ असते, छोटा पूल असतो, एक गोल्डन रिट्रीवर जीभ काढून हसत असतो. मीही हेच बघून जायचे.

माझं आता एकच सांगणं असतं, पहिल्या खेपेला कुत्रा न घेता जा. आणि ज्या दिवशी, ज्या वेळी सगळ्यांना घेऊन जाणार त्याच वेळी जा, मंगळवारी दुपारी जाऊन काही कळत नाही. अर्धा तास जाळीबाहेर उभं राहायचं आणि कुत्र्यांकडे कमी, माणसांकडे जास्त बघायचं. किती जण फोनमध्ये आहेत, किती जण आपापसात गोल करून गप्पा मारतायत आणि कुत्रं कुठे आहे याचा पत्ता नाही. एखाद्याच्या कुत्र्याने दुसऱ्याला खाली दाबलं तर मालक उठून जातो की "अहो तो खेळतोय, तो काही करत नाही" म्हणत जागेवर बसतो. हे "काही करत नाही"वाले जिथे जास्त तिथे मी परत पाऊल टाकत नाही, मग हिरवळ कितीही असो. आणि शी कोण उचलतं तेही बघा, जो शी उचलत नाही तो लस तरी वेळेवर देत असेल का. गेटवरचा माणूस लसीचं कार्ड मागतो का ते तर विचारायचंच. मागत असेल तर चांगली जागा, आणि "मॅडम नंतर दाखवा" म्हणत असेल तर तो सगळ्यांनाच नंतर दाखवा म्हणतो हे लक्षात घ्या. पुढे जाल तेव्हा तुमच्याकडे मात्र रेबीजचं सर्टिफिकेट आणि महापालिकेचं लायसन्स दोन्हीचे फोटो फोनमध्ये असू द्या.

गेट दोन हवीत. एक उघडायचं, मधल्या कप्प्यात शिरायचं, मागचं लावायचं, मगच आतलं उघडायचं. हे मी कशावरून सांगते तर बंड्यावरून. हायवेजवळची एक जागा होती, नाव घेत नाही, आता बंदही झाली बहुतेक. जाळी उंच, सगळं छान, पण दार एकच आणि त्याला साधी कडी. आम्ही सगळे आत, नवरा सासूबाईंना चहा आणायला गेलेला, आणि कुणाचं तरी पार्सल घेऊन आलेल्या मुलाने दार उघडलं, त्याची काय चूक, त्याला कोण सांगणार. बंड्या त्याच्या पायांमधून गेला. बीगलचं नाक एकदा जमिनीला लागलं की कान बंद होतात. सर्व्हिस रोडवर रिक्षा, टेम्पो, मी चपला हातात घेऊन धावतेय, लेक रडतेय, सासूबाई गणपतीला नवस बोलतायत. पाऊण तासाने सापडला, सिग्नलपलीकडे वडापावच्या गाडीखाली, वड्यांचा चुरा चाटत. गाडीवाल्या काकांनी त्याच्या गळ्यात सुतळी अडकवून ठेवली होती, "तुमचाच ना, मघापासून दोन वडे झाले त्याचे" म्हणाले. मी दोनाच्या जागी दहा वड्यांचे पैसे दिले. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी दार बघते, मग जाळीची खालची कड बघते, कारण पावसात माती वाहून गेली की जाळीखाली फट पडते आणि बीगल किंवा पिल्लाला तेवढं पुरतं.

लहान-मोठ्या कुत्र्यांना वेगळे कप्पे असले तर उत्तम. ब्रूनो १० महिन्यांचा म्हणजे अंगाने मोठा, अकलेने शाळकरी, तो कुणाला चावणार नाही पण २५ किलोचा हा गोळा एखाद्या इवल्याशा शिट्झूवर नुसता प्रेमाने बसला तरी शिट्झूचं काम तमाम. कुणी फिमेल हीटवर, म्हणजे माजावर, असेल तर तिला तीन आठवडे पार्क बंद, आणि हे जिथे विचारतसुद्धा नाहीत ती जागा सोडा.

आता मुलांचं. इथे मी थोडी कडक आहे, रागावू नका. ६ वर्षांच्या मुलाला कुत्री मोकळी असलेल्या कप्प्यात नेऊ नका. बाहेर आजोबांजवळ बसू दे, आत तुमच्यापैकी एक जण ब्रूनोबरोबर, दुसरा मुलांबरोबर. तुमचं मूल ब्रूनोला ओळखतं, बाकीच्या वीस कुत्र्यांना नाही, आणि किंचाळत पळणारं मूल हे धावणाऱ्या कुत्र्यांना खेळणंच वाटतं. माझी लेक ५ वर्षांची असताना पार्ले-जी हातात धरून आत उभी होती, एका लॅबने उडी मारली, वाईट हेतू शून्य, पण ती पाठीवर आपटली आणि पुढे दीड वर्षं सोसायटीतल्या कुत्र्यालाही घाबरायची. म्हणून खाऊ आत न्यायचा नाही, मुलांचाही नाही, कुत्र्याचाही नाही. भांडणं बॉलपेक्षा बिस्किटावरून जास्त होतात. ११ वर्षांच्याला आत नेलंत तर त्याला एवढंच शिकवा की कुत्रा अंगावर आला तर झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, पळायचं नाही. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असं नसतं हेही सांगा. पुढचे पाय खाली टाकून ढुंगण वर केलं तर खेळ, अंग ताठ करून एकटक बघत उभा राहिला तर ब्रूनोला हाक मारून बाजूला न्यायचं. जुंपलीच तर मधे हात घालू नका, भीतीच्या भरात आपलाच कुत्रा आपल्याला चावतो, पाणी ओता, नाहीतर दोन्हीकडच्या मालकांनी मागचे पाय उचलून मागे ओढा.

हाक मारून म्हटलं, पण ब्रूनो हाकेला येतो का? घरात नाही, खाली कंपाउंडमध्ये मांजर दिसल्यावर. बहुतेक नाही येणार, या वयात ते सगळे बहिरे होतात. मग त्याला २० कुत्र्यांच्या पार्कात मोकळं सोडायची घाई कशाला? आम्ही काय करतो ते सांगते. आमच्याकडे चार घरांनी मिळून बॉक्स क्रिकेटचं टर्फ, म्हणजे खोट्या गवताचं जाळीबंद मैदान, भाड्याने घेतलं, सकाळी सहा ते सात. तेव्हा तसंही रिकामं असतं, मालक आधी नाही म्हणाला, मग शी उचलू आणि पाणी मारून देऊ असं कबूल केल्यावर तयार झाला, ताशी भाडं चार घरांत वाटलं की दोन कॉफीएवढं पडतं. चारी बाजूंनी आणि वरून जाळी, दाराला आम्ही आमचं कुलूप लावतो, कुत्री चारच आणि चौघांचेही मालक ओळखीचे, लसी माहितीतल्या. ब्रूनोला पहिले दोन-तीन वेळा १५-२० फुटी दोरी लावून सोडा, दोरी जमिनीवर घासत राहू दे, हाक मारल्यावर आला की चिकनचा तुकडा आणि परत सोडून द्यायचं, हे महत्त्वाचं, हाकेला आलं की खेळ संपतो असं त्याच्या डोक्यात बसलं तर तो कधीच येणार नाही. कांदिवली-बोरिवलीत टर्फ पैशाला पासरी आहेत, एखादा मालक तरी पाघळेल. फक्त ऊन चढल्यावर नको, खोटं गवत खऱ्या गवतापेक्षा फार तापतं, हाताची मागची बाजू ५-७ सेकंद टेकवून बघा, तुम्हाला नाही टेकवली तर त्याच्या पंजालाही नाही. आणि ते काळे रबरी दाणे खात नाही ना तेवढं बघा, लॅब काहीही खातो. पग-बिग असता तर उन्हाबद्दल अजून दहा ओळी लिहिल्या असत्या, पण आपल्या दमट हवेत लॅबही धापा टाकत आडवा होतो, अंग तापून चाल लडखडली तर साध्या पाण्याने भिजवायचं, पंख्याखाली घ्यायचं आणि डॉक्टर गाठायचा. रविवारी बरेच दवाखाने बंद असतात, म्हणून जवळचा चालू कुठला ते शनिवारीच विचारून ठेवा. परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल आणि आता महालक्ष्मीला टाटांचं आहे, पण कांदिवलीहून तिथे पोचेपर्यंत जीव वर-खाली होतो.

पावसाळ्यात आम्ही कुठलंही पार्क चार महिने बंद ठेवतो. लेप्टोचा आजार उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, आणि झिपरीला एका सप्टेंबरमध्ये गोचिडाचा ताप आला होता तेव्हा तिच्या प्लेटलेट्स एवढ्या खाली गेल्या की हिरड्यांतून रक्त यायला लागलं. वर्षाची लस, महिन्याचं गोचिडाचं औषध आणि दर तीन महिन्यांनी जंताचं, यातलं काही चुकलं असेल तर आधी ते. जंताचं तर मुलांसाठीही, कुत्र्यांनी घाण केलेल्या वाळूत अनवाणी खेळलं की त्या अळ्या पायाच्या कातडीत शिरतात आणि लाल नागमोडी रेघा उठतात.

तेव्हा मढची जागा या रविवारी सकाळी सातला तुम्ही दोघंच जाऊन बघून या, ब्रूनो आणि मुलं सासऱ्यांजवळ घरी. दारं दोन असली, माणसं बरी वाटली आणि ब्रूनो हाकेला यायला लागला की त्याच वेळी, रविवारी सकाळी सातला सगळे जा, आणि ती संध्याकाळी पाचची गर्दी नको. सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची मात्र घरूनच न्या, तिथल्या बाकड्यांवर कुत्री बसलेली असतात आणि उठत नाहीत.