कोरडवाहू गव्हासाठी वावर कसं पारखावं

भाऊ, उमरेडकडचं वावर घ्यायच्या आधी सब्बल आणि फावडं घेऊन जा. नुसती वरची काळी माती पाहून भुलू नको. तीन फुटांचा खड्डा खण. फूट-दीड फुटावरच मुरूम लागला, तर तिथे पाण्याविना गहू नाही. त्या बरडीवर हरभराही जेमतेमच येईल.

आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण बहुतेक जून ते सप्टेंबरात. गहू पुढचे साडेतीन महिने जमिनीत मुरलेल्या ओलीवरच काढतो, म्हणून मातीची खोली सगळ्यात आधी पाहायची.

खरी पारख ऑक्टोबरात होते. सोयाबीन निघालं की वीतभर खालची माती मुठीत दाब. गोळा झाला आणि टिकला, तर ओल आहे. लगेच वखर (वरची माती मोकळी करणारं औजार) फिरव, नाहीतर भेगांतून ती चार दिवसांत उडते. मी एका वर्षी आठवडाभर थांबलो आणि निम्मं वावर उगवलंच नाही. पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातच हवी.

पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, उन्हाळ्यात पांढरट थर कुठे येतो, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचार. चोपण जमिनीचं, म्हणजे सोडियम वाढून चिकट झालेल्या जमिनीचं, सोंग माती परीक्षणात उघडं पडतं. सामू (pH) साडेआठच्या पुढे असेल तर सौदा थांबव. विहिरीचं एकच पाणी मिळणार असेल, तर ते पेरणीनंतर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास दे. वाण मात्र कोरडवाहूसाठी शिफारस केलेलंच घे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं ‘शरद’ बघ.