भाडे बुडते, तसे व्याजही बुडते

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि कोथरूडमध्ये एका टू बीएचके सदनिकेत दरमहा २५,००० रुपये भाड्याने राहतो. याच इमारतीतील तेवढीच सदनिका ९० लाखांना विक्रीस आहे. आमच्याजवळ ३० लाख रुपये शिल्लक आहेत. भाड्याचे पैसे पाण्यात जातात असे सासरे म्हणतात, तर आयुष्यभर भाड्याने राहून पैसे गुंतवावेत असे माझ्या भावाचे मत आहे. पतींची तीन-चार वर्षांत हैदराबादला बदली होण्याची शक्यता आहे. ती न झाल्यास आम्ही पुण्यातच राहू. दीर्घकाळात काय फायद्याचे ठरेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या सासऱ्यांचे म्हणणे चूक नाही, पण ते अर्धेच आहे. भाडे परत मिळत नाही हे खरे असले, तरी कर्जाचे व्याज, मुद्रांक शुल्क, सोसायटीचा देखभाल खर्च आणि मिळकतकर यांतलेही काही परत मिळत नाही. म्हणून भाड्याची तुलना कर्जाच्या हप्त्याशी न करता घरमालकाच्या या बुडीत खर्चाशी करावी लागते. हप्त्यातील मुद्दल हा खर्च नसून ती आपलीच बचत असते.

आता आपले आकडे घेऊ. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणी फी ३०,००० रुपये. (सदनिका केवळ आपल्या एकटीच्या नावावर घेतल्यास महिला खरेदीदाराच्या सवलतीमुळे यातले ९०,००० रुपये वाचतील.) हे शुल्क आणि किरकोळ दुरुस्ती, फर्निचर यांत सुमारे १० लाख गेले, तर उरलेले २० लाख घराच्या किमतीत जातील आणि ७० लाखांचे कर्ज काढावे लागेल. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ६०,७५० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातील ४९,५८३ रुपये निव्वळ व्याजाचे असतात आणि मुद्दल जेमतेम ११,००० रुपयांनी कमी होते, ही गोष्ट बँकेत सही करताना फारसे कोणी बोलून दाखवत नाही.

पहिल्या वर्षाचे व्याज अंदाजे ५ लाख ९० हजार होते. देखभाल आणि मिळकतकर मिळून महिना ५,००० धरले, तर वर्षाचे ६०,००० होतात. शिवाय आपले ३० लाख ७ टक्क्यांनी गुंतवले असते तर जे २ लाख १० हजार मिळाले असते, तेही सोडावे लागतात. ही बेरीज ८ लाख ६० हजारांवर जाते, आणि आपले वार्षिक भाडे आहे ३ लाख. मधली ५ लाख ६० हजारांची तफावत घराची किंमत वाढूनच भरून निघायला हवी, म्हणजे पहिल्या वर्षी ती सव्वासहा टक्क्यांच्या आसपास वाढली पाहिजे. किंमत इतकी वाढेल की नाही, याची हमी देणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नये.

मात्र हे चित्र कायम राहत नाही. भाडे दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले तर बाराव्या वर्षी ते महिना ४७,००० रुपयांच्या पुढे, म्हणजे वर्षाला ५ लाख ७० हजारांच्या घरात जाईल. त्याच वर्षी कर्जाचे व्याज मात्र पावणेचार लाखांवर उतरलेले असेल. अर्थात व्याजदर तेवढाच राहील असे समजून हा हिशेब केला आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर; तो वाढला की बहुतेक गृहकर्जांचे व्याजही वाढते) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत त्यांच्या निवृत्तीच्याही पलीकडे गेली होती.

आपल्या भावाच्या मताला एक अट आहे. हप्ता आणि देखभाल मिळून होणाऱ्या रकमेतून भाडे वजा केल्यावर महिना ४०,००० रुपये वाचतात, आणि ते दरमहा पगार होताच गुंतवणुकीत गेले तरच भाडेकरू फायद्यात राहतो. ते मोटार आणि सहलींत गेले, तर वीस वर्षांनी घरही नाही आणि पैसेही नाहीत अशी स्थिती होते. बहुतेक कुटुंबांना ही शिस्त जमत नाही आणि हप्ता ती सक्तीने लावतो, म्हणून त्यांच्या बाबतीत घर घेणाराच पुढे गेलेला दिसतो. करबचतीचा मुद्दा आता लंगडा झाला आहे, कारण नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही आणि घरभाडे भत्त्यावरील सवलतही नाही.

माझ्या मते बदलीचा निकाल लागेपर्यंत आपण घर घेऊ नये. चार वर्षांत विकावे लागल्यास मुद्रांक शुल्कच दरवर्षी दीड लाखाहून अधिक पडेल, त्यावर दलाली आणि नफा झाला तर साडेबारा टक्के भांडवली नफा करही द्यावा लागेल. बदली टळली आणि दहा वर्षांहून अधिक काळ इथेच राहण्याचे ठरले, तर घर जरूर घ्यावे. या इमारतीतलेच घेणार असाल, तर सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (बिल्डरने मालकी सोसायटीला करून देणे) किंवा मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने ते न केल्यास सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने होणारे हस्तांतरण) झाले आहे का, हे आधी पाहावे. इमारत जुनी होत जाते आणि किंमत टिकते ती मुख्यतः जमिनीमुळे. जमीन बिल्डरच्याच नावावर असेल, तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते.

तोपर्यंत घरमालकाकडे ११ महिन्यांऐवजी ३६ महिन्यांचा, दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहिलेला, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार मागावा आणि बदली झाल्यास महिन्याभराच्या नोटिशीवर घर सोडता येईल, असे कलम त्यात घालून घ्यावे.