एकच फांदी धर

वंशावळ काढायची म्हणतेस, तर सगळं कुळ एकदम मांडू नकोस. पणजोबा कोकणातून बडोद्याला आले म्हणतेस ना, मग त्यांचीच फांदी धर आणि आजपासून मागे जा. आधी सर्वांत वयस्कर आत्यांना गाठ. कागद थांबतील, आत्या थांबणार नाहीत.

खरा घोळ नावांत होतो. नातवाला आजोबांचं नाव, म्हणून एकाआड एक पिढीत तेच. मी दोन माणसांना वर्षभर एकच धरून बसलो होतो. प्रत्येकापुढे वडिलांचं नाव नि गाव लिही. सुनांचं माहेरचं नावही विचार, लग्नात ते बदललेलं असतं.

जुन्या कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळव, जानेवारी ते गुढीपाडवा ७९. इथल्या, बडोद्याकडच्या गुजराती दस्तांत विक्रम संवत असतो: त्यातून ५६ वजा, दिवाळीनंतर डिसेंबरअखेर ५७.

मग नाशिक-त्र्यंबकेश्वरला जा. आडनाव आणि मूळ गाव सांगितलंस की तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय, म्हणजे तिथले पुरोहित, यात्रेला आलेल्यांच्या नोंदींची वही काढतील. मला तिथे पणजोबांची मोडी या जुन्या मराठी लिपीतली सही दिसली, काळी शाई तपकिरी झालेली, खाली बरोबर आलेल्या भावांची नावं. तिसऱ्या भावाबद्दल घरात कुणाला ठाऊकच नव्हतं! मोडी थोडी शिकूनच जा.