क्लेश समजून घेताय? आधी राग-द्वेष बघा

क्लेश म्हणजे मनाला दुःखात अडकवणारे पाच दोष. पाचही एकदम पाठ करायच्या मागे लागू नका. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातली (प्रकरणातली) ७ आणि ८ ही दोन सूत्रं सुरुवातीला पुरेत. अनुभवलेल्या सुखामागून येतो तो राग, दुःखामागून येतो तो द्वेष.

हमखास होणाऱ्या चुका:

- ‘राग’ म्हणजे संताप समजणं. इथे तो आसक्ती या अर्थाने आहे.
- अविद्या या पहिल्या क्लेशाला अडाणीपणा समजणं. ती अनित्याला नित्य, म्हणजे न टिकणाऱ्याला कायमचं, धरून बसणारी उलटी समजूत आहे.
- क्लेश दुसऱ्यांत शोधणं. ही सगळ्यात मोठी.

फोन वाजला, नाव दिसलं आणि कपाळाला आठी पडली, की तिथेच थांबा. समोरचा अजून एक शब्दही बोललेला नाही. आठी जुन्या दुखण्याची आहे. दिवसातून एकदा हे पकडता आलं तरी छान चाललंय. उरलेले अस्मिता (‘मी’पणा) आणि अभिनिवेश (जगण्याला चिकटून राहणं, मरणाची भीती) नंतर बघू.