पडद्यावर दिसतंय, पण साठतंय का?

प्रश्न: माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. बंद होत असलेल्या एका ऑफिसातून चार सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणारा डबा) आणि १ टीबीची डिस्क असा जुना संच घेतला. तीन कॅमेरे व्यवस्थित दिसतात. चौथा दिवसा चालतो, अंधार पडला की त्याचं चित्र जातं आणि सकाळी आपोआप परत येतं. तो बदलावा का? डिस्कवर किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहील? आधीच्या मालकाला पासवर्ड आठवत नाही आणि मला घरून मोबाइलवर बघायचं आहे.

उत्तर: चौथा कॅमेरा टाकून देऊ नका. दिवसा चित्र नीट येतंय म्हणजे सेन्सर शाबूत आहे, त्याला बहुधा रात्री वीज पुरत नाहीये. अंधार झाला की भिंगाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढू लागतो. सप्लाय, म्हणजे कॅमेऱ्यांना वीज देणारा अडॅप्टर, थकलेला असेल, वायर लांब आणि बारीक असेल किंवा जॅक गंजला असेल, तर नेमकं तेव्हाच व्होल्टेज पडतं. रात्रीची वाट बघायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड कापड गच्च धरा, दिवे लागू द्या आणि मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकाला लावा. सप्लायपाशी १२ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका, मोजायचं ते शेवटच्या टोकाला. तिथे ११ च्या खाली गेलं तर मी ते चालवून घेत नाही. आधी जॅक कापून नवा लावा, मग सप्लाय बदलून बघा. चार कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा एक चांगला सप्लाय सहसा पुरतो.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डिस्क तपासलीत का?

एका दुकानदाराने गल्ला फोडला गेल्यावर मला बोलावलं होतं. पडद्यावर चारही चित्रं स्वच्छ दिसत होती. प्लेबॅक उघडला, तर शेवटचं रेकॉर्डिंग सात महिन्यांपूर्वीचं. डिस्क केव्हाच मेली होती. डिस्क बिघडली की डीव्हीआर बीप देतो, पण त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून त्यांनी तो बंद करायला सांगितलं होतं आणि मी करून दिला होता. ते मला काहीच बोलले नाहीत, नुसते पडद्याकडे बघत राहिले. तेव्हापासून मी कुणाचाही बीप बंद करत नाही.

डीव्हीआरमधली डिस्क दिवसरात्र फिरते, वर्षाला ८,७६० तास. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडा आणि स्मार्ट (SMART) अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. त्यात ती एकूण किती तास चालली ते कळतं. पाच वर्षं वापरलेली असेल तर आकडा ४३,००० च्या पुढे असेल. खराब सेक्टरांचा (डिस्कवरच्या निकामी झालेल्या जागांचा) आकडा शून्याच्या वर असेल तर ती डिस्क मी लावणार नाही. या संचात नव्यावर खर्च करायचा तर तो डिस्कवर करा, आणि सतत लिहिण्यासाठी बनवलेली, सीसीटीव्हीची म्हणून मिळते तीच घ्या.

दिवसांचा हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठणारा डेटा, २ एमबीपीएस (मेगाबिट) धरला तर दिवसाला २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे साधारण ८६ जीबी, म्हणजे १ टीबीवर अकरा दिवस. बिटरेट ४ केला की दिवस निम्मे. दुकान बंद असताना फक्त हालचाल झाली की रेकॉर्डिंग, अशी सेटिंग केलीत तर मुदत बरीच वाढते.

घड्याळही बघा. डीव्हीआर बंद करून पुन्हा चालू केल्यावर तारीख मागे गेली, तर आतला सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. वेळ चुकलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून दाखवताना फार अडचण होते. मग पाच मिनिटांचं एक रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवा. काही डीव्हीआरच्या फाइल त्यांच्याच प्लेअरमध्ये उघडतात, तो प्लेअर आजच उतरवून ठेवा.

आता पासवर्ड. सेल किंवा डिस्क काढून तो सहसा जात नाही. मॉडेल आणि सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे जा, कोड विकणाऱ्या अनोळखी लोकांकडे नको. मोबाइलवर बघण्याची घाई करू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड लावून बघत जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. तुमच्या मॉडेलला कंपनीकडून अपडेट येत नसतील, तर तो इंटरनेटला जोडूच नका, दुकानातल्या पडद्यावर भागवा. अपडेट येत असतील तर ते भरा, नवा लांब पासवर्ड ठेवा आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत येण्याची वाट, उघडू नका.

आधीच्या मालकाला एक फोन मात्र कराच. पासवर्ड आठवत नसला, तरी त्याच्या मोबाइलमधल्या ॲपला हा डीव्हीआर अजून जोडलेला असू शकतो. तसा असेल तर तुमचा गल्ला त्याला घरबसल्या दिसेल. त्याच्या खात्यातून तो काढून टाकायला सांगा. डिस्कवर त्याच्या ऑफिसातल्या माणसांचं रेकॉर्डिंग असेल, ते न बघता फॉरमॅट करा. आणि हा फोन डीव्हीआरला इंटरनेटची वायर लावण्याआधी करा.