मुखवटा मातीतच ठरतो

प्रिय स्नेही,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वेशभूषेसाठी राक्षसाचा मुखवटा विकत न आणता स्वतःच्या हाताने घडवायचा, हा तुझा निश्चय मला मनापासून आवडला. लेटेक्स, म्हणजे साच्यात ओतायचे द्रव रबर, कोणते आणि किती घ्यावे, एवढेच तू विचारले आहेस. त्याचे उत्तर पुढे येईलच; पण मुखवटा चांगला की वाईट हे मातीत आणि साच्यात ठरते, लेटेक्स फक्त तिथे असेल ते उचलते, म्हणून आधी मातीविषयी लिहितो.

डोक्याच्या ज्या ठोकळ्यावर माती चढवशील, तो मुखवटा घालणाऱ्याच्या मापाचा असू दे. लेटेक्स वाळताना आकसते आणि हे आकसणे 5 ते 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे मातीचा चेहरा सगळीकडून थोडा मोठा घडव आणि मान विशेष रुंद ठेव, कारण डोके तिथूनच आत जायचे आहे. घालणाऱ्याच्या दोन बाहुल्यांमधले अंतर मोजूनच डोळ्यांच्या जागा ठरव. राक्षसाचे डोळे त्याहून दूर हवे असतील, तर आतून पाहण्यासाठी चीर कुठल्या सुरकुतीत लपवायची, हे माती ओली असतानाच ठरवून ठेव.

सुरकुत्या मनाला येतील तशा ओढू नकोस. सुरकुती स्नायूच्या ओढीला आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा ओढतो, म्हणून तिथल्या आठ्या आडव्या असतात. आरशासमोर कपाळ चढवून, नाक मुरडून पाहा आणि मगच कोरणी हातात घे. थेट कोरलेल्या रेषेच्या कडा धारदार राहतात आणि ती ओरखड्यासारखी दिसते. मातीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून वरून तीच रेषा दाबलीस, तर कडा आपोआप गोलावतात आणि कातडीचा भास होतो. रात्री खोलीत अंधार करून एकाच बाजूने दिवा धर, म्हणजे दिवसा न दिसलेले बोटांचे ठसे आणि खळगे उठून दिसतील. ते तिथेच पुसून टाक, कारण मातीवर राहिलेला प्रत्येक ठसा रबरात जसाच्या तसा उतरतो. या टप्प्याला कितीही दिवस लागले तरी लागू देत. मात्र माती पाण्यात भिजवलेली असेल तर रोज काम संपल्यावर ओल्या फडक्याने झाकून ठेव.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचाच कर, कारण प्लास्टर पाणी शोषते आणि त्या शोषण्यावरच पुढचे सारे ओतकाम अवलंबून असते. कानांच्या मागून डोक्यावरून जाणारी मातीची भिंत उभारून साच्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग पाड, आणि दोन्ही भाग नेमके जुळावेत म्हणून भिंतीवर गोल खोबण्या दाब. प्लास्टरचा पहिला पातळ थर ब्रशने बारीक रेषांत भरताना बुडबुडे फुंकून फोड, मग तागाचे कापड प्लास्टरमध्ये बुडवून जाडी वाढव. दोन्ही भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून व्हॅसलिन लावायचे, ते पहिल्या भागाच्या कडेवरच. साच्याच्या आतल्या पृष्ठभागाला ते लागले, तर प्लास्टरची छिद्रे बुजतात, शिवाय तेलकटपणाने रबर कमजोर होते. प्लास्टर घट्ट होताना चांगलेच तापते, त्यामुळे ते जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर किंवा हातावर कधीही थापू नये. भाजून गंभीर इजा होते. उरलेले प्लास्टर मोरीतही ओतू नकोस, ते नळीत दगडासारखे बसते.

साच्यातली माती काढून तो धुऊन घे आणि पूर्ण कोरडा होऊ दे. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मुखवट्याच्या ओतकामासाठीचे लेटेक्स माग आणि साचा मानेपर्यंत भरेल एवढे घे. त्यातले बरेचसे परत डब्यात जाते, त्यामुळे ते वाया जात नाही. त्यात अमोनिया असतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून काम कर. आधी थोडे लेटेक्स ओतून साचा सावकाश फिरव, म्हणजे नाकाच्या शेंड्यात हवा अडकणार नाही, आणि मग तो भर. प्लास्टर पाणी ओढत जाते तशी भिंतीलगत रबराची साय धरत जाते. घड्याळावर विसंबू नकोस; मानेच्या कडेशी ही साय किंचित खरवडून तिची जाडी पाहा आणि दोन-तीन मिलिमीटर झाली की उरलेले लेटेक्स ओतून काढ. आतून पूर्ण वाळल्यावर टाल्कम पावडर भुरभुरत मुखवटा सोडव, कारण ताजे रबर रबराला चिकटले की सुटत नाही.

सांध्याची रेघ कात्रीने छाटून लेटेक्सनेच बुजव. नाकपुड्या आणि तोंड श्वासासाठी मोकळे काप. रंग लेटेक्समध्ये मिसळून पातळ थरांनी दे. वाळल्यावर तो गडद होतो, म्हणून आधी तुकड्यावर पाहा. घालणाऱ्याला रबराची ॲलर्जी आहे का, हे मात्र सर्वांत आधी विचार. असेल तर लेटेक्सचा विचारच सोडावा लागेल.

मातीचा चेहरा पुरा झाला की त्याची समोरून आणि दोन्ही बाजूंनी, एकाच दिव्याच्या उजेडात काढलेली छायाचित्रे मला पाठव. ती पाहून मी कळवेपर्यंत प्लास्टर कालवू नकोस.

तुझा शुभचिंतक